समुद्रशैवल आणि जड धातू : ‘शोषण’ या कल्पनेचा इतिहास

दूषित पाण्यातील शिसे, तांबे, कॅडमियम इत्यादी जड धातू समुद्रशैवलाच्या साहाय्याने वेगळे करता येतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत प्रयोगांनी पुरेशी सिद्ध झाली. या क्रियेचे मराठीत वर्णन करताना ‘शैवल धातू शोषून घेते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ‘शोषण’ या शब्दाने जे चित्र मनात उभे राहते ते फडक्याने पाणी टिपावे तसे असते : घेणारा घेतो, परत काही देत नाही, आणि घेतलेली वस्तू नाहीशी झाल्यासारखी वाटते. वस्तुतः शैवलाच्या बाबतीत जे घडते ते मुख्यतः विनिमयाच्या स्वरूपाचे आहे. शैवल एक आयन सोडते तेव्हाच दुसरा धरते. हा भेद निव्वळ शाब्दिक नव्हे. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा उगम त्यातच आहे. तो स्पष्ट कसा होत गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. राखेचा काळ

समुद्रशैवलाला यूरोपात प्रथम व्यापारी मोल आले ते त्याच्या राखेमुळे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील स्ट्रॉन्से बेटावर १७२२ च्या सुमारास शैवल जाळण्याचा धंदा सुरू झाला. ‘केल्प’ हा इंग्रजी शब्द आज शैवलाचा वाचक असला, तरी त्या काळी व्यापारात त्याचा अर्थ शैवल जाळून उरलेली राख असाच होता. सुमारे वीस टन ओल्या शैवलापासून एक टन केल्प मिळे आणि त्यातील सोडा काच व साबण यांच्या कारखान्यांत जाई. आपल्याकडील सज्जीखारही मूळचा खाऱ्या जमिनीतील वनस्पतींच्या राखेपासूनच निघे. ‘अल्कली’ हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला त्याचाही संबंध अशाच राखेशी आहे. वनस्पती जाळावी आणि तिच्यातील खार घ्यावा, ही दृष्टी अशा रीतीने अनेक देशांत समान होती.

या राखेनेच १८११ मध्ये एक अनपेक्षित शोध लावून दिला. पॅरिसजवळ सोऱ्याचे उत्पादन करणाऱ्या बर्नार कूर्त्वा याने केल्पच्या निवळीत गंधकाम्ल जरा अधिक घातले, तेव्हा जांभळी वाफ निघाली. या नव्या मूलद्रव्याला पुढे जांभळ्या रंगाच्या वाचक ग्रीक शब्दावरून आयोडीन हे नाव मिळाले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात आयोडीन एका मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. लॅमिनेरिया वंशातील काही शैवलांत मात्र ते पाण्याच्या तुलनेने सुमारे तीस हजार पट साठू शकते. समुद्रात विखुरलेले द्रव्य ही वनस्पती वेचून स्वतःत साठवते, ही कल्पना येथून रूढ झाली असे म्हणावयास हरकत नाही. आयोडीनपुरती ती यथार्थही होती, कारण आयोडीनचा संचय हे जिवंत पेशीचे कार्य आहे. परंतु तीच कल्पना सर्व द्रव्यांना सरसकट लागू केली गेली, आणि पुढील गोंधळाचे मूळ तेथे आहे.

२. भित्तिकेचा शोध

लब्लां याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले होते. नेपोलियनची युद्धे संपल्यावर हा कृत्रिम सोडा आणि स्पेनची स्वस्त राख यांच्यापुढे केल्पचा धंदा टिकेना. अशा वेळी एडवर्ड स्टॅनफर्ड या इंग्रज रसायनज्ञाने शैवल उघड्यावर जाळण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. जाळल्याने वनस्पतीतील बहुतेक उपयुक्त अंश वाया जातो, असे त्याचे म्हणणे होते. १८८१ मध्ये त्याने एका नव्या पदार्थाचे एकस्व घेतले. शैवलावर सोड्याच्या द्रावाची प्रक्रिया केली असता एक चिकट पदार्थ मिळतो, त्यास त्याने ‘अल्जिन’ असे नाव दिले. त्यातील अम्ल म्हणजेच अल्जिनिक अम्ल होय. तपकिरी शैवलांच्या पेशीभित्तिकेचा तो एक प्रधान घटक आहे. कॅल्शियमसारख्या धातूंशी संयोग झाला की त्याची न विरघळणारी अल्जिनेटे बनतात. बाष्पित्रात पाण्यातील चुन्याची पुटे चढू नयेत म्हणून अल्जिन वापरावे, असेही स्टॅनफर्डने सुचविले होते. पाण्यातील धातू शैवलजन्य पदार्थाने बांधून टाकावा, हा विचार या सूचनेत बीजरूपाने आढळतो.

योगायोगाने त्याच १८८१ साली जर्मनीत हाइन्रिख कायझर याने ‘अॅड्सॉर्प्शन’ ही संज्ञा प्रचारात आणली. पदार्थाच्या अंतर्भागात शिरणे आणि त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे त्या संज्ञेने दाखविले. मराठीत तिच्यासाठी ‘अधिशोषण’ हा शब्द योजिला जातो. तथापि ‘अधि’ हा उपसर्ग लावूनही ‘शोषण’ शब्दातील एकतर्फी घेण्याची छटा जात नाही.

३. पसंतीचा क्रम

अल्जिनिक अम्लाची घटना नीट कळावयास आणखी पाऊण शतक जावे लागले. हे अम्ल केवळ मॅन्युरॉनिक अम्लाच्या एककांचे बनलेले आहे, असा समज होता. १९५५ मध्ये फिशर व डॉर्फेल यांनी त्यात ग्युल्युरॉनिक अम्लही असल्याचे दाखवून दिले. नॉर्वेतील ट्राँढाइम येथील आर्ने हाउग याने १९६१ मध्ये आणि त्यानंतर स्मिडस्रॉड याच्या सहकार्याने निरनिराळ्या धातूंविषयी अल्जिनेटाची ओढ मोजली. तिचा क्रम साधारणतः शिसे, तांबे, कॅडमियम, बेरियम, स्ट्राँशियम, कॅल्शियम आणि त्यामागून कोबाल्ट, निकेल, जस्त असा लागतो. या ओढीचे प्रमाण अल्जिनेटातील दोन अम्लांच्या प्रमाणावर अवलंबून असते. १९७३ मध्ये रीस व त्याचे सहकारी यांनी त्याचे कारण सुचविले : ग्युल्युरॉनिक एककांच्या साखळ्या समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये अंडी ठेवण्याच्या पुठ्ठ्यासारख्या खाचा तयार होतात आणि धातूचे आयन त्यांत बसतात.

हा क्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. त्यात कॅल्शियम मध्यावर आहे, आणि समुद्रातील शैवलाच्या भित्तिकेत सोडियम, मॅग्नेशियम यांबरोबर कॅल्शियमही आधीच बसलेले असते. त्याहून अधिक ओढीचे शिसे किंवा तांबे आले की ते कॅल्शियमला उठवून त्याची जागा घेते. म्हणजेच जागा रिकामी नसते, ती बदलली जाते. या जाणिवेचा उपयोग प्रथम पाणी शुद्ध करण्याकरिता नव्हे, तर शरीराच्या रक्षणाकरिता करण्यात आला. अणुचाचण्यांमुळे हवेतून पसरलेले स्ट्राँशियम-९० दुधातून हाडांत जाते, ही १९५० नंतरच्या दशकातील मोठी चिंता होती. १९६४ मध्ये माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातील स्कोरिना, पॉल व वॉल्ड्रन-एडवर्ड यांनी अल्जिनेट दिले असता आतड्यातून किरणोत्सर्गी स्ट्राँशियम शरीरात कमी जाते, असे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले.

४. निर्जीव शैवल

जड धातूंच्या विषबाधेचे भयंकर स्वरूप जगापुढे आले ते जपानमधील घटनांनी. मिनामाता येथील पाऱ्याचा विकार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. जिंझू नदीच्या खोऱ्यातील कॅडमियमजन्य ‘इताई-इताई’ विकाराचे कारण प्रदूषण हेच आहे, अशी तेथील शासनाने १९६८ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रात जलप्रदूषणाला आळा घालणारा कायदा १९६९ मध्ये आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये झाला. कारखान्यांचे सांडपाणी स्वस्तात कसे निर्धातू करावे, हा प्रश्न अशा रीतीने सर्वत्र निकडीचा बनला.

याही बाबतीत मॅकगिल विद्यापीठाचेच नाव पुढे येते. तेथील बोहुमिल व्होलेस्की व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतर वाळवून बारीक केलेल्या, म्हणजे निर्जीव शैवलावर प्रयोगमाला चालविली. होलान, व्होलेस्की व प्रासेत्यो यांच्या १९९३ च्या निबंधात अॅस्कोफिलम नोडोसम या शैवलाच्या एका ग्रॅमने १०० मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम धरल्याची नोंद आहे. शैवल निर्जीव असूनही धातू धरते, तेव्हा हे कार्य प्राणक्रियेचे नसून भित्तिकेचे आहे, हे निर्विवाद झाले. ‘जैवशोषण’ या संज्ञेतील ‘जैव’ शब्द म्हणूनच उगमापुरता खरा मानावयाचा, क्रियेपुरता नव्हे.

विनिमयाचे तत्त्व मान्य केले की पुढील गोष्टी आपोआप उलगडतात. पाणी अतिशय आम्ल असेल तर भित्तिकेतील जागा हायड्रोजन आयनच अडवून बसतात आणि धातू धरला जात नाही. याच कारणास्तव सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने धुतले असता धरलेला धातू सुटतो आणि शैवल पुनः वापरता येते. पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण फार असेल तर धातूंना स्पर्धा होते. जे द्रव्य पाण्यात ऋण भाराने वावरते, उदाहरणार्थ क्रोमेट किंवा आर्सेनेट, त्याला ही भित्तिका मुळात तशी ओढ दाखवीत नाही.

५. धातू जातो कोठे ?

‘शोषण’ शब्दाने जो प्रश्न झाकला जातो, तो विनिमयाच्या दृष्टीने पाहताच उघडा पडतो. शैवल धातूचा नाश करीत नाही. हजारो लिटर पाण्यात पसरलेला धातू ते थोड्या जागेत आणून ठेवते, एवढेच. अम्लाने धुतल्यावर तो थोड्याशा द्रावात येतो. त्याची पुढील व्यवस्था केली तरच शुद्धीकरण पुरे झाले. ती न करता वापरलेले शैवल उकिरड्यावर टाकले, तर विषाचे केवळ स्थलांतर घडते. १९९० नंतर अशा द्रव्यांचा व्यापारी प्रसार अपेक्षेप्रमाणे झाला नाही. शैवलाचा प्रत्येक साठा सारखा नसणे, ओले झाल्यावर त्याचे फुगणे व चुरा होणे आणि कृत्रिम आयन-विनिमय राळेची आधीपासूनची प्रतिष्ठा, ही त्याची काही कारणे होत.

जिवंत शैवलाने समुद्र आपोआप स्वच्छ होईल, हा समजही याच प्रकाशात तपासला पाहिजे. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसमचे प्रचंड ढीग येऊन पडत आहेत, आणि त्यांत आर्सेनिक आढळते. आर्सेनेट फॉस्फेटसारखे असल्यामुळे ते जिवंत पेशीत शिरते. येथे ‘शोषण’ हा शब्द खरोखर लागू पडतो. जपानी आहारातील हिजिकी या शैवलात असेंद्रिय आर्सेनिक फार असल्याने ते खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २००४ मध्ये दिला. सरगॅसमच्या जाती मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरही वाढतात. शुद्धीकरणासाठी त्यांचा विचार करताना भित्तिकेचा विनिमय आणि पेशीचे शोषण या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्या लागतील.

एवंच, राखेपासून भित्तिकेपर्यंतच्या या इतिहासात शैवल तेच राहिले, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. परिभाषा मात्र त्या मानाने मागे राहिली. ‘अधिशोषण’ हा रूढ शब्द टाकून देण्याचे कारण नाही, पण अध्यापनात त्याच्या जोडीला ‘आयन-विनिमय’ ही संज्ञा आवर्जून योजिली जावी. तसे झाल्यास ‘शैवलाने धातू घेतला’ असे वाचणारा विद्यार्थी ‘त्याच्या बदल्यात काय दिले, आणि घेतलेला धातू पुढे कोठे गेला’ असे विचारावयास चुकणार नाही.