नॅनोसच्छिद्र धातू उत्प्रेरक

नॅनोसच्छिद्र धातू उत्प्रेरक म्हणजे ज्यांच्या अंतर्भागात नॅनोमीटर मापाच्या, परस्परांशी जोडलेल्या छिद्रांचे जाळे असते असे धातू किंवा मिश्रधातू होत. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. छिद्रांमुळे थोड्या धातूस मोठे पृष्ठफळ लाभते. रासायनिक व विद्युत ऊर्जेचे परस्पररूपांतर करणाऱ्या इंधन घट आणि विद्युत अपघटनी घट यांच्या विद्युत अग्रांसाठी या पदार्थांचा अभ्यास केला जातो.

निर्मिती

मिश्रधातूतील अधिक क्रियाशील धातू आम्लात किंवा अल्कलीत विरघळवून काढणे ही निर्मितीची प्रमुख पद्धत आहे. सोने-चांदीच्या मिश्रधातूवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली असता चांदी विरघळते. मागे राहिलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकून एकत्र येतात. त्यामुळे खालची चांदी उघडी पडते व क्रिया आत जात राहते. जोना अर्लबाकर व सहकाऱ्यांनी 2001 साली 'नेचर' या नियतकालिकात या प्रक्रियेचे स्पष्टीकरण मांडले.

अमेरिकन अभियंता मरे रेनी यांनी 1920 च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम सोडियम हायड्रॉक्साइडने काढून सच्छिद्र निकेल तयार केले. 'रेनी निकेल' या नावाने ते प्रसिद्ध असून तेलांच्या हायड्रोजनीकरणात आणि अल्कधर्मी विद्युत अपघटनात ते वापरले जाते.

गलाई व्यवसायाशी साम्य

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे चांदीच्या बाजारपेठेमुळे 'रजतनगरी' म्हणून ओळखले जाते. सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाचा गलाई व्यवसाय सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर व आटपाडी परिसरातील कारागिरांनी देशभर नेला. नायट्रिक आम्लाने सोने शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत एक भाग सोन्यात सुमारे तीन भाग चांदी मिसळतात व नंतर ती विरघळवितात. मागे तपकिरी, सच्छिद्र सोने उरते. शुद्धीकरणात ते वितळवून त्याची लगड केली जाते. उत्प्रेरकासाठी मात्र तीच छिद्रे जपावी लागतात. या क्रियेत निघणारे नायट्रोजन ऑक्साइडचे धूर विषारी असल्याने दोन्ही ठिकाणी वायुवीजन अत्यावश्यक ठरते.

उपयोग

पाण्यापासून हायड्रोजन मिळविणे, इंधन घटात ऑक्सिजनचे क्षपण करणे आणि कार्बन डायऑक्साइडपासून उपयुक्त संयुगे बनविणे हे प्रमुख उपयोग होत. 2014 साली डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी नॅनोसच्छिद्र चांदीच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये सुमारे 92 टक्के कार्यक्षमतेने रूपांतर केल्याचे प्रसिद्ध केले.

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर 2020 मध्ये स्वदेशी इंधन घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. अशा घटांत सामान्यतः कार्बनवर पसरलेले प्लॅटिनमचे सूक्ष्म कण वापरतात. महागड्या प्लॅटिनमचे प्रमाण कमी करणे हा नॅनोसच्छिद्र मिश्रधातूंवरील संशोधनाचा एक हेतू आहे.

मर्यादा

वापरादरम्यान अणू सरकत राहिल्याने छिद्रे हळूहळू मोठी होतात व पृष्ठफळ घटते. मिश्रधातूतील स्वस्त धातू विरघळून घटातील पटलास बाधा पोहोचवू शकतो. कोरडे रेनी निकेल हवेत पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. शिवाय उत्प्रेरक कितीही कार्यक्षम असला तरी एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी किमान नऊ किलोग्रॅम शुद्ध पाणी लागते. पर्जन्याची अनिश्चितता असलेल्या विदर्भ-मराठवाड्यात असे प्रकल्प आखताना हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.