झांबियातील वीजपुरवठा व इंधन वितरण

झांबिया या दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडील भूवेष्टित देशात विजेची निर्मिती, पारेषण व वितरण ही कामे प्रामुख्याने झेस्को ही सरकारी कंपनी (स्थापना: १९७०) करते. तांब्याच्या अनेक खाणींना कॉपरबेल्ट एनर्जी कॉर्पोरेशन ही कंपनी वीज पुरवते.

बहुतांश वीज झांबेझी नदीवरील करिबा धरण व काफुए नदीवरील जलविद्युत प्रकल्पांतून मिळते. त्यामुळे पाऊस कमी झाल्यास वीजनिर्मिती घटते. २०२४ मधील तीव्र दुष्काळात करिबा जलाशयाची पातळी खालावली आणि देशभर दीर्घकाळ भारनियमन करावे लागले. अशा वेळी जनित्रांसाठी डिझेलची मागणी वाढते. मात्र झांबियात खनिज तेलाचे उत्पादन होत नसल्याने इंधन आयात करावे लागते.

१९६५ मध्ये ऱ्होडेशियाने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर झांबियाचा दक्षिणेकडील तेलपुरवठा खंडित झाला. त्यावर उपाय म्हणून टांझानियातील दार एस सलाम बंदरापासून एन्डोलापर्यंत १,७१० किमी लांबीची ताझामा तेलवाहिनी बांधण्यात आली. ती १९६८ साली सुरू झाली. पूर्वी तिच्यातून एन्डोला येथील इंडेनी तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तेल येत असे. २०२३ पासून तिच्यातून डिझेल आणले जाते. पंपांवरील विक्री पुमा एनर्जी, टोटलएनर्जीज इत्यादी कंपन्या करतात. विक्रीचे दर ऊर्जा नियामक मंडळ ठरवते.