पस्तिसाव्या दिवशी

माझा रीगल एंजलफिश ३५व्या दिवशी मेला. क्षारता ठीक, तापमान ठीक, अमोनिया शून्य. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, लॉग तपासावा तशी रोजची नोंद तपासली. चूक सापडेना. मग या छंदाचा इतिहास वाचायला घेतला.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढची शंभर वर्षं खरा झगडा पाण्याशीच होता. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली साधी पद्धत लिहून काढली: प्रवाळभित्तीतले जिवंत दगड टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. दगडांतले सूक्ष्मजीव घाण पचवतात. पाण्याचं कोडं बरंचसं सुटलं.

रीगल मात्र मरतच राहिला. समुद्रात तो स्पंज आणि तसलेच दगडाला चिकटलेले जीव कुरतडून जगतो. दुकानातले दाणे त्याला अन्नच वाटत नाहीत. त्यात साठच्या दशकापासून फिलिपिन्समध्ये मासे पकडायला सायनाइड वापरलं जाऊ लागलं. मासा गुंगतो, अलगद हाती लागतो, काचेत देखणा दिसतो आणि कधीकधी काही आठवड्यांनी मरतो.

म्हणजे बग एकीकडे, एरर दुसरीकडे. मी पाणी तपासत बसलो होतो. मासा कुठून आणला, कसा पकडला, हे दुकानात विचारलंच नव्हतं. विचारला होता फक्त भाव.

आता मासा घेण्याआधी दुकानदाराला सांगतो, "आधी याला माझ्यासमोर खायला घाला."