विधवेचे दहा शिलिंग

जिने आयुष्यभर चूल सांभाळली तिच्या वृद्धत्वाचे काय, या प्रश्नाशी ब्रिटनचा कायदा दीर्घकाळ अडखळला. १९२५ च्या कायद्याने विमेदार कामगाराच्या विधवेला आठवड्याला दहा शिलिंग मिळू लागले. १९४२ साली सर विल्यम बेव्हरिज यांनी (जन्म मात्र बंगालातील रंगपूरचा!) आपल्या अहवालात गृहिणीला पतीची भागीदार मानले. १९४८ पासून मात्र पतीला २६ शिलिंग, तर त्याच्या वर्गणीवर पत्नीला १६, असा हिशेब झाला.

सर्वांत उपेक्षित राहिली ती परित्यक्ता. दोष नसताना जिचा संसार मोडला तिलाही विधवेसारखे साहाय्य द्यावे, असे बेव्हरिज यांनी सुचविले होते. १९४६ च्या कायद्याने ते वगळले. विवाह अभंग मानणाऱ्या आम्हाला हे सलते: मरणाने एकटी पडली तिची दखल, जितेपणी टाकली तिची नाही! घटस्फोटितेला पूर्वपतीच्या वर्गणीचा आधार मिळे, तोही म्हातारपणीच.

६ एप्रिल २०१६ पासून निवृत्तिवय गाठणाऱ्यांचे वेतन मुख्यतः स्वतःच्याच नोंदीवर ठरते. लहान मुले सांभाळण्यात गेलेली वर्षेही आता त्या नोंदीत धरली जातात.