दादाची कॅसेट

परवा माळा आवरताना दादाची जुनी कॅसेट सापडली. रॉक मशीनची 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९८८ सालची. फीत गुंतलेली, पण टाकवेना.

आमच्या नाशिकच्या घरात तेव्हा नाट्यगीतं आणि भावगीतं. त्यात अकरावीतला दादा कॉलेज रोडवरून ही घेऊन आला. मुंबईच्या पोरांनी १९८४ मध्ये काढलेला बँड आणि गाणी चक्क इंग्रजी! गायक उदय बेनेगल. गिटारवर महेश तिनईकर हे नाव वाचून तर दादाला स्फुरणच चढलं. बाबा म्हणाले, "विलायती गाणी विलायतेतल्यांनी गावीत."

त्या काळी आपल्याकडच्या रॉक बँडनी परक्यांची गाणी हुबेहूब वाजवायची, अशी रीतच होती. कॉलेजांमध्ये फर्माईशही त्याचीच. रॉक मशीनची सुरुवातही तशीच, पण पुढे त्यांनी स्वतःच्याच गाण्यांचा हट्ट धरला. मला त्यांचं मोठेपण तिथे वाटतं. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आली. मग केबल आली आणि 'प्रेटी चाइल्ड' एमटीव्हीवर दिसू लागलं. ते लागलं की दादा ताट घेऊन टीव्हीपुढे.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. दादा दोन दिवस फुगून बसला होता (नाव काय त्याला विचारून बदलायचं?).

१९९४ मध्ये तिकडे स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमधल्या शाळासोबत्यांचा 'वेट वेट वेट' हा बँड 'लव्ह इज ऑल अराउंड' गाऊन ब्रिटनच्या यादीत सलग १५ आठवडे पहिला होता. गाणं मुळात दुसऱ्याच बँडचं, १९६७ चं! इथे स्वतःची गाणी करणाऱ्यांच्या वाट्याला असली यादीच नव्हती. बाजारात चलती हिंदी पॉपची. १९९५ मध्ये इंडस क्रीडचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड मोडला.

तोवर दादाची गिटारही गेली होती. नोकरी लागल्यावर "आता हे पुरे" म्हणत बाबांनी ती विकली. मी तिथेच होतो, गप्प बसलो.

२०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' मी दादाला पाठवला. आठवड्याने त्याचा फोन. "आवाज तोच आहे रे." मग जरा थांबून, "माझी गिटार कितीला गेली होती, आठवतं तुला?"

दीड हजाराला. पण मी "नाही" म्हटलं.