साठ कबरी आणि एक अर्धवट भूतकथा

मी भुतांच्या गोष्टी लिहितो हे अम्मीला फारसं पसंत नाही. मेलेला माणूस बरजखमध्ये असतो, कयामतपर्यंत तो इकडे परतत नाही, मग तुझ्या गोष्टीत येतं कोण, असा तिचा साधा प्रश्न असतो. जिन्न आहेत, कुरआनात त्यांच्या नावाची सूरहच आहे. पण जिन्न ही वेगळी मखलूक, मेलेल्या माणसाचं ते रूप नव्हे. अम्मीचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण शाळेत असताना लायब्ररीतून आणलेले नारायण धारप चादरीखाली बॅटरी लावून वाचले, तेव्हा लागलेली चटक काही सुटली नाही. म्हणून मी पडके वाडे, ओसाड गढ्या, जुने मकबरे बघत फिरतो. एखादी जागा गोष्ट देऊन जाईल या लोभाने.

तीन वर्षांपूर्वी त्याच लोभाने विजापूरला गेलो. सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास. कागदोपत्री शहराचं नाव आता विजयपुरा आहे, पण आमच्याकडे सगळे अजून विजापूरच म्हणतात. गोल गुंबज, इब्राहिम रोजा लहानपणी सहलीत पाहून झाले होते. या वेळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सांगितलं, ‘साठ कबर’. त्याने आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. अंधार पडायच्या आत परत यायचं, असं बजावून त्याने किक मारली.

शहराच्या पश्चिमेला, शेताडीत, एका चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या कबरी ओळीने मांडलेल्या आहेत. जवळच विहीर आहे. इथली आख्यायिका बहुतेकांना ठाऊक असेल. १६५९ मध्ये अफजलखान शिवाजी महाराजांवर चाल करून निघाला तेव्हा ज्योतिषाने त्याला सांगितलं की तू परत येणार नाहीस. आपल्यामागे बायका दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून खानाने त्रेसष्ट बायकांना विहिरीत ढकलून मारलं, अशी ती कथा. पुढे १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते मराठी मुलाला सांगावं लागत नाही. खानाची कबर तिथेच, गडाच्या पायथ्याशी आहे. विजापूरजवळ हयातीतच बांधायला घेतलेला त्याचा मकबरा अर्धवट राहिला तो राहिलाच.

मी कबरी मोजल्या. एकदा एकसष्ट भरल्या, दुसऱ्यांदा त्रेसष्ट. भूतकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

पण मोजताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या आजोबांबरोबर कब्रस्तानात गेलेल्या कुणालाही ती लक्षात आली असती. कबरीचा माथा सपाट असेल तर ती बाईची. त्याला तख्ती म्हणतात, म्हणजे लिहायची पाटी. पुरुषाच्या कबरीवर मधोमध लांबट उंचवटा असतो, तो कलमदान. पुरुष कलम आणि बाई कोरी पाटी, अशी ही जुनी खूण. इथे माथे सपाट. म्हणजे खाली बायका आहेत, एवढं दगडच सांगतात. त्या एकाच दिवशी मेल्या हे मात्र दगड सांगत नाहीत. कबरी एकसारख्या, एका मापाच्या आहेत, आणि माझ्या मते ही कथा त्या सारखेपणातूनच वाढली असावी. एकसारखे दगड म्हटलं की माणसाला एकच दिवस, एकच हात आठवतो. पण एकाच घराण्याचे गवंडी एकाच मापाचे दगड वर्षानुवर्षं घडवू शकतात, हे कुणाच्या मनात येत नाही. येईल कसं? त्यात थरार नाही.

घरी येऊन मी गोष्ट लिहायला घेतली. अमावस्या, विहीर, ओल्या केसांच्या त्रेसष्ट बायका. चार पानं झाली आणि अडलो. या बायका माझ्या गोष्टीत करत काय होत्या? फक्त भीती दाखवत होत्या. एकीलाही नाव नव्हतं, आवाज नव्हता. आख्यायिकेतही त्या तशाच आहेत, खान किती क्रूर हे सांगण्यापुरत्या. मी मराठीत लिहिणारा मुसलमान, आणि माझ्या गोष्टीतही आमची कब्रस्तानं धुरासाठी आणि घुबडासाठीच? रामसे बंधूंचे सिनेमे मी आवडीने पाहिलेत. त्यांच्या १९७२ च्या एका सिनेमाचं नाव होतं ‘दो गज जमीन के नीचे’. बहादूरशाह जफरच्या नावावर असलेल्या गझलेतली दोन गज जमीन, परमुलखात दफन झालेल्या बादशहाचं दुःख, आणि ते थेट भुताच्या पोस्टरवर. तेव्हा हसलो होतो. आता माझी चार पानं त्याच जातीची निघाली.

याच सुमारास टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ पुन्हा वाचली. जुन्या वास्तूतून उगवलेली याहून चांगली भारतीय गोष्ट मला माहीत नाही. ती कुठून आली ते टागोरांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. १८७८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादला राहायला गेले. सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते आणि त्यांना राहायला शाहीबागेतला महाल मिळाला होता. शाहजहान गुजरातचा सुभेदार होता, अजून बादशहा व्हायचा होता, तेव्हाचा हा महाल. भाऊ सकाळी कोर्टात जायचे आणि हा मुलगा दिवसभर त्या रिकाम्या दालनांत एकटा हिंडायचा. दुपारी कबुतरांचं घुमणं, खाली साबरमतीची बारीक धार, रात्री चांदण्यात भलीमोठी गच्ची. कलकत्त्यात त्यांना इतिहास असा मान वर करून उभा दिसला नव्हता, तो इथे दिसला. तिथून ते मुंबईला आत्माराम पांडुरंगांच्या घरी इंग्रजी बोलणं सुधारायला गेले आणि मग विलायतेला. गोष्ट लिहून झाली १८९५ मध्ये. सतरा वर्षं त्यांनी ती जागा मनात ठेवली. मी साठ कबरींपाशी दोन तास होतो, त्यातला निम्मा वेळ फोनवर फोटो काढत.

गोष्टीत कापसावरचा कर वसूल करणारा एक अधिकारी ओसाड महालात राहतो. रात्री महाल जागा होतो आणि एक इराणी दासी त्याच्याकडे सुटकेची याचना करत राहते. पहाटे वेडा मेहेर अली, हे सगळं खोटं आहे, लांब राहा, असं ओरडत फेऱ्या मारतो. करीम खान नावाचा म्हातारा कारकून त्या मुलीची हकिगत सांगायला लागतो, तेवढ्यात ज्या स्टेशनावर ही सगळी गोष्ट सांगितली जातेय तिथे गाडी येते आणि गोष्ट तुटते. टागोरांचं सगळंच मला पटतं असं नाही. अत्तर, गुलाबपाणी, मखमली पडदे, ‘अरेबियन नाइट्स’ची छाया जरा जास्तच आहे. पण ती मुलगी काहीतरी मागते. घाबरवणं हे तिचं काम नाही. तिची विनंती ऐकूनही आपल्याला काही करता येत नाही, भीती त्याची वाटते.

मी ती चार पानं बाजूला ठेवली.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन पुन्हा विजापूरला गेलो. तिला इब्राहिम रोजा बघायचा होता. परत येताना मी रिक्षा साठ कबरीकडे वळवली, कुठे नेतोय ते न सांगता. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांची कबर अम्मीने पाहिलेली नाही. शबेबारातीला आम्ही भाऊ जाऊन येतो आणि मोगरा वाढलाय, दगड खचलाय, असं तिला सांगतो. इथे तिला अडवणारं कुणी नव्हतं.

चौथऱ्यापाशी तिने चपला काढल्या. कबरवाल्यांना सलाम केला, आपण शेजाऱ्यांना करतो तशा सहज आवाजात. मग पहिल्या ओळीतल्या एका कबरीचा सपाट माथा हाताने पुसला आणि रिक्षावाल्याला विचारलं, “भाई, इनके नाम क्या थे?”

“मालूम नहीं अम्मा. खान की बीवियाँ.”

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर डोक्यावर नीट ओढून तिने सगळ्यांसाठी मिळून एक फातिहा पढली. मी फोन काढला तर म्हणाली, “ठेव तो.” जाताना ती विहिरीकडे गेली नाही. रिक्षात बसल्यावर तिने अब्बांच्या कबरीचा दगड नेमका कुठल्या बाजूने खचलाय ते विचारलं. मी सांगितलं, डोक्याच्या बाजूने.

“बसवून घे,” ती म्हणाली, “पावसाच्या आत.”