विरूपित अणुकेंद्रांतील कंपन-परिवलन

विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, अणुकेंद्राला बाहेरून ऊर्जा मिळाली की ते सबंधच गरगरू लागते किंवा त्याचा आकार लांबआखूड होत राहतो. पहिल्या हालचालीला परिवलन म्हणतात, दुसरीला कंपन. दोन्हींत अनेक प्रोटॉन-न्यूट्रॉन एकजुटीने हलतात. अणुकेंद्राचा आकार डोळ्यांनी दिसत नाही, तो या हालचालींच्या ऊर्जांवरूनच वाचावा लागतो.

काही अणुकेंद्रे गोल नसतात, याचा पहिला पुरावा जर्मनीतल्या पॉट्सडॅम येथे मिळाला. हेर्मान श्यूलर आणि थेओडोर श्मिट यांनी युरोपियमच्या वर्णरेषा तपासल्या. या रेषा अतिसूक्ष्म घटकांत फुटतात आणि त्या घटकांमधली अंतरे ठरलेल्या नियमाने पडायला हवीत. ती पडेनात. अणुकेंद्रातल्या विद्युत् भाराची वाटणीच गोलाकार नाही, असे अनुमान दोघांनी १९३५ साली मांडले. पुढे जेम्स रेनवॉटर, आगे बोर आणि बेन मॉटेलसन यांनी १९५०च्या दशकात विरूपणाचा सिद्धांत उभारला व त्यांना १९७५चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सिद्धांताची वाट पॉट्सडॅमच्या रेषांपासून निघते, हे सांगितलेच पाहिजे.

परिवलनाची खूण स्पष्ट असते. एर्बियम-१६६ हे लांबट कोहळ्यासारखे असून त्याचा लांब अक्ष आखूड अक्षाहून साधारण ३० टक्क्यांनी मोठा आहे. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या सुमारे ८१, २६५, ५४५ आणि ९११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशा चढतात. त्यांचे कोनीय संवेग अनुक्रमे २, ४, ६, ८. आकार जराही न बदलता ते फिरले असते, तर पहिल्या पायरीच्या हिशेबाने चौथी सुमारे ९७०वर आली असती. ती खाली येते, कारण वेग वाढतो तसे अणुकेंद्र ताणले जाते आणि आतल्या कणांच्या जोड्यांची बांधणीही सैल होते. पूर्ण गोल अणुकेंद्राला अशी शिडी नसते. ते फिरले काय, न फिरले काय, पुंजभौतिकीच्या दृष्टीने फरकच पडत नाही.

कंपने दोन तऱ्हांची. बीटा कंपनात कोहळा लांबआखूड होतो. गॅमा कंपनात त्याच्या मधल्या छेदाचा गोलपणा मोडतो. एर्बियम-१६६मध्ये गॅमा कंपन ७८६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुरू होते आणि त्याच्यावर परिवलनाची वेगळी शिडी उभी राहते. कंपन आणि परिवलन परस्परांत कसे मिसळतात, याचे गणित आमांड फेसलर आणि वाल्टर ग्राइनर या तरुण जर्मन संशोधकांनी १९६२ साली मांडले.

या अभ्यासात जर्मनीची सर्वांत मोठी भर मात्र डार्मस्टाटची. प्रोटॉनांचा कोहळा आणि न्यूट्रॉनांचा कोहळा एकमेकांवर तिरके झुलू शकतील, असे भाकीत लो यूदिचे आणि पालुंबो या इटालियन शास्त्रज्ञांनी १९७८ साली केले होते. हे झुलणे कात्रीच्या दोन पात्यांसारखे, म्हणून याला कात्री-कंपन म्हणतात.   डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात आखिम रिश्टर यांच्या गटाने गॅडोलिनियम-१५६वर इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि जवळजवळ उलट फिरून आलेले इलेक्ट्रॉन मोजले. या दिशेला विद्युत् भारामुळे होणारे प्रकीर्णन क्षीण होते आणि चुंबकीय उत्तेजन उठून दिसते. ३.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ एक अरुंद शिखर आले. १९८४ साली ते प्रसिद्ध झाले.

हे शिखर प्रोटॉनांच्या माऱ्यात जवळपास दिसत नाही. प्रोटॉनांचा मारा मुख्यतः कणांच्या स्वतःच्या फिरकीला हलवतो, तर कात्रीची पाती कणांच्या कक्षीय गतीने हलतात. पुढे १९९०मध्ये डार्मस्टाटलाच समॅरियमच्या समस्थानिकांवर मोजणी झाली. विरूपणाच्या वर्गाच्या प्रमाणात या कंपनाचे बळ वाढत होते: लांबट समॅरियम-१५४मध्ये ते भरघोस होते, तर गोलाकाराकडे झुकणाऱ्या हलक्या समस्थानिकांमध्ये ते कमी होत गेले.